काळा काकाकुवा आणि भरपाईचा हिशोब



दोन महिन्यांपूर्वी पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. "या वेळी समीक्षेचं पान तुम्ही लिहा. नाटक, कादंबरी, सिनेमा, काहीही चालेल." मी पडलो इंजिनिअर. नाटकाच्या पहिल्या अंकात मला झोप येते आणि दुसऱ्या अंकात मध्यंतरातल्या बटाटेवड्याची आठवण. तेव्हा मी म्हटले, समीक्षा लिहितो, पण ती एका एक्सेलच्या शीटची. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "त्यात नाट्य आहे का?"

नाट्य आहे. त्या शीटवर इथल्या जंगलातल्या एका पक्ष्याचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरते, आणि थोडेफार आपल्या घरांचे हप्तेही. पर्थमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी किती घरांत पगार थेट किंवा आडवळणाने खाणींतून येतो, याचा आपल्या गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत बसून अंदाज घ्या. माझा येतो. खाणीतल्या अजस्र डंपरांनी कुठल्या फेरीला कुठे जायचे हे ठरवणारी संगणक प्रणाली लिहिण्यात माझी गेली कित्येक वर्षे गेली आहेत. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते बाहेरच्याने मारलेले दगड नव्हेत. घरातल्या माणसाने काढलेली घरातली चूक समजावी.

आधी पक्ष्याविषयी. काकाकुवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्राणिसंग्रहालयातला पांढरा, पिवळ्या तुऱ्याचा पक्षी येतो. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी काळे काकाकुवे पाहिले तेव्हा कोणीतरी कावळ्यांत हवा भरून सोडली आहे असे वाटले. संध्याकाळची वेळ, पन्नास-साठांचा थवा, रडक्या सुरात एकमेकांना हाका मारत पाइनच्या झाडांकडे चाललेला. शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, आता पाऊस येणार. काळे काकाकुवे आले की पाऊस येतो ही इथली जुनी समजूत आहे. आपल्याकडचा पावशा आठवला आणि परक्या देशातला तो पक्षी एकदम ओळखीचा वाटू लागला.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात काळ्या काकाकुव्यांचे तीन प्रकार आहेत. पांढऱ्या शेपटीचे दोन, कार्नबी आणि बॉडिन, आणि तिसरा तांबड्या शेपटीचा. हा कोपरा सोडला तर हे तिन्ही जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. केंद्र सरकारच्या यादीत पहिले दोन 'संकटग्रस्त' वर्गात आहेत, तिसरा त्याच्या अलीकडच्या 'असुरक्षित' वर्गात. तांबड्या शेपटीवाला तुमच्यापैकी अनेकांनी अंगणात पाहिला असेल, कारण पर्थच्या उपनगरांत लावलेल्या केप लायलॅकची फळे तो आवडीने खातो. हे केप लायलॅक म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला बकाणा निंब.

या पक्ष्यांच्या दोन गरजा आहेत, आणि माझा सगळा लेख या दोन गरजांवर उभा आहे. पहिली अन्नाची: बँक्सिया, हेकिया, मरी अशा झाडांच्या बिया. दुसरी घराची: म्हाताऱ्या झाडातली मोठी ढोली. अर्धा-पाऊण किलोचा पक्षी आत उतरू शकेल एवढी ढोली झाडाला पडायला शंभर-सव्वाशे वर्षे तरी लागतात, आणि मरीसारख्या झाडाला दोनशेच्या आसपास. कार्नबीची मादी साधारण दोन अंडी घालते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू जगते. पिल्लू दहा-अकरा आठवडे ढोलीत असते. तेवढा काळ आईबापांना जवळच्या पल्ल्यात पुरेसे अन्न मिळाले पाहिजे. म्हणजे घर आणि शिधा दोन्ही हवे, आणि एकमेकांच्या जवळ हवे.

ही गोष्ट कोणी टेबलाशी बसून ठरवलेली नाही. सीएसआयआरओ या संस्थेचे शास्त्रज्ञ डेनिस सॉन्डर्स यांनी १९६९ पासून गव्हाच्या पट्ट्यात कार्नबींचा अभ्यास केला. तो काळ असा, की सरकारच दरवर्षी दहा लाख एकर नवी जमीन लागवडीखाली आणण्याच्या घोषणा करीत होते. मॅनमॅनिंग या गावाजवळ ढोल्या असलेली झाडे शिल्लक होती, पण भोवतालची झुडपे नांगराखाली गेली होती. आईबापांना लांब लांब जावे लागे आणि पिल्ले कमी वजनाची निघत. १९७७ पर्यंत तिथली वीण संपली. कूमालो क्रीक येथे मात्र ढोल्यांजवळ चराऊ झाडोरा राहिला होता, आणि तिथले पक्षी टिकले. पुढे तिथे कृत्रिम ढोल्या बसवल्या, जुन्या ढोल्यांची डागडुजी केली, आणि पक्ष्यांनी त्या वापरल्याही. रिकामी घरे असूनही मॅनमॅनिंग ओस पडले, एवढे लक्षात ठेवा.

आता खाणी. पर्थच्या पूर्वेला आणि दक्षिणेला डार्लिंग पठारावर जॅरा आणि मरी या झाडांचे जंगल आहे. त्याच्या मुळांखाली थोड्या मीटरांवर बॉक्साइट आहे, ज्यापासून ॲल्युमिनियम होते. अल्कोआ कंपनीने १९६३ साली जॅराडेल येथे ते काढायला सुरुवात केली. आणखी पूर्वेला बॉडिंग्टनजवळ बॉक्साइटही आहे आणि सोन्याची प्रचंड खाणही. बॉक्साइट उथळ असल्यामुळे खाण खोल जात नाही, पसरत जाते. जंगलाचा तुकडा साफ करायचा, खणायचा, माती परत घालायची, बी पेरायचे आणि पुढच्या तुकड्याकडे जायचे. राज्य सरकारने २०२३ अखेर नैसर्गिक जंगलातली व्यापारी लाकूडतोड थांबवली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु खाणींसाठी होणारी तोड त्या निर्णयातून वगळलेली आहे.

कंपन्या जंगल परत लावतात ते नुसते दाखवण्यापुरते, असे म्हणणारे लोक आहेत. मला ते अन्यायाचे वाटते. १९८८ पासून बॉक्साइटच्या खड्ड्यांत जॅरा आणि इतर स्थानिक झाडेच लावली जातात. वरची माती वेगळी काढून ताजी असतानाच दुसऱ्या खड्ड्यावर पसरतात, म्हणजे तिच्यातले बी मरत नाही. हे काम कौशल्याचे आहे. मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी बॉडिंग्टनच्या सोन्याच्या खाणीवर पाहिले तेव्हा पुन्हा लावलेल्या जागेत आठ वर्षांच्या आत काळे काकाकुवे चरायला येत असल्याच्या खुणा सापडल्या. आठ वर्षे! कुठल्याही इंजिनिअरला अभिमान वाटावा असा हा आकडा आहे.

परंतु दोन गरजांपैकी ही एकच भागली. शिधा आठ वर्षांत परत आला. घर परत यायला दीडशे वर्षे लागणार. एकाच जंगलात दोन घड्याळे चालू आहेत, आणि भरपाईचा हिशोब मांडताना त्यांतले कुठले घड्याळ बघायचे, हा खरा प्रश्न आहे. इथून माझ्या समीक्षेचा विषय सुरू होतो.

ऑस्ट्रेलियात १९९९ चा पर्यावरण संरक्षण व जैवविविधता संवर्धन कायदा आहे. संकटग्रस्त पक्ष्याचे जंगल तोडायचे असेल तर केंद्राची परवानगी लागते. जे नुकसान टाळता येत नाही, कमीही करता येत नाही, त्याची भरपाई दुसरीकडे करून द्यायची. तिला 'ऑफसेट' म्हणतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याचे धोरण आले आणि त्याबरोबर हिशोबासाठी एक एक्सेलची शीट आली. एका बाजूला नुकसान भरायचे: किती हेक्टर आणि दहापैकी किती गुणांचे. दुसऱ्या बाजूला भरपाई: किती हेक्टर, आज किती गुणांचे, पुढे किती गुणांचे होईल, किती वर्षांनी होईल, आणि होईलच याची खात्री किती टक्के. शेवटच्या रकान्यात उत्तर येते, नुकसानाच्या इतके टक्के भरपाई झाली. धोरणाप्रमाणे निदान नव्वद टक्के भरपाई प्रत्यक्ष जमिनीवर व्हावी लागते.

समीक्षकाने आधी गुण सांगावेत अशी रीत आहे. या शीटचे गुण खरे आहेत. ती यायच्या आधी भरपाई ही बंद दाराआडची घासाघीस असे. शीटने प्रत्येकाला आपली गृहीतके आकड्यांत लिहायला लावली. उशिरा मिळणाऱ्या फायद्याची किंमत कमी धरायला लावली. ढोल्या, पक्ष्यांची संख्या, मृत्यूचे प्रमाण यांच्यासाठी वेगळ्या ओळीही तिच्यात आहेत. सूत्रे बरोबर आहेत. मी ती एकेक करून तपासली आहेत, आणि ती का तपासली हे पुढे सांगतो.

पहिला दोष 'टळलेले नुकसान' या कल्पनेत आहे. भरपाई म्हणून नवे जंगलच लावले पाहिजे असे नाही. आधीच उभे असलेले दुसऱ्याचे जंगल विकत घेऊन संरक्षित केले, तरी ते 'नाहीतर तुटले असते' असे धरून त्याचे श्रेय मिळते. आता एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, कल्पित, आणि गणित थोडे सोपे केलेले. खाणीसाठी दहापैकी सात गुणांचे १०० हेक्टर जंगल जाणार. म्हणजे नुकसान ७० एकक. कंपनीने दुसरीकडे त्याच दर्जाचे ७०० हेक्टर जंगल घेतले. ते घेतले नसते तर वीस वर्षांत २० टक्के नष्ट झाले असते, घेतल्यावर ५ टक्के होईल, असे लिहिले. फरक १५ टक्के, म्हणजे १०५ हेक्टर वाचले. खात्री ८० टक्के, म्हणून ८४ हेक्टर. संकटग्रस्त जातीसाठी शीट वर्षाला १.२ टक्के दराने कपात करते, वीस वर्षांनंतरचे ८४ हेक्टर आजचे ६६ धरायचे. त्यांना सात गुण लावले की ४६ एकक. सत्तरपैकी सेहेचाळीस, म्हणजे ६६ टक्के. नापास.

आता एकच रकाना बदला. 'घेतले नसते तर' च्या समोर २० ऐवजी ३० टक्के लिहा. बाकी सगळे तेच. पुन्हा गणित करा, उत्तर येते ११० टक्के. पास, आणि वर दहा टक्के दक्षिणा.

जमिनीवर काय झाले? आधी दोन्ही जागा मिळून ८०० हेक्टर जंगल होते. आता ७०० आहे. एकही नवे झाड लागलेले नाही. तरी कागदावर पक्ष्याला नुकसानापेक्षा जास्त मिळाले. आपल्याकडे म्हणतात, चोरीला न गेलेल्या दागिन्यांचे पैसे मिळत नाहीत. इथे मिळतात, फक्त चोरीची शक्यता किती होती ते तुम्हीच लिहायचे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मार्टिन मॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातली अशी भरपाई धोरणे तपासली. त्यांत गृहीत धरलेला जंगलाच्या ऱ्हासाचा वेग प्रत्यक्षातल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त निघाला. जग जितके वाईट गृहीत धरावे तितकी भरपाई स्वस्त पडते.

दुसरा दोष गुणांचा. दहापैकी किती हे जागेची स्थिती, आजूबाजूचा परिसर आणि पक्ष्यांचा वावर यांवरून ठरवायचे असते. इथे मला माझे वडील आठवतात. नाना सातारा जिल्ह्यात तलाठी होते. दर हंगामात पिकाची नजर आणेवारी करायची, म्हणजे शेतात उभे राहून रुपयात किती आणे पीक आले आहे ते ठरवायचे, हे त्यांच्या कामाचा भाग होते. त्या आकड्यावर दुष्काळ जाहीर होणार की नाही, सारा माफ होणार की नाही ते ठरे. नाना म्हणायचे, "बांधावर न जाता लिहिलेली आणेवारी ओळखू येते. ती नेहमी वरच्याला पाहिजे तेवढीच निघते." या शीटमधले दहापैकी सात ही आणेवारीच आहे. ती करणारा अभ्यासक बहुधा प्रामाणिक असतो, बांधावरही जातो. पण त्याची फी कोण देतो, हे विसरून चालत नाही. आणि ढोल्यांची झाडे नसलेल्या पण बँक्सियाने भरलेल्या जागेला सात आणि ढोल्या असलेल्या पण चराई नसलेल्या जागेलाही सात मिळू शकतात. मॅनमॅनिंगच्या पक्ष्यांना हा सात आकडा कसा समजावून सांगणार?

तिसरा दोष मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो काळाचा. वर सांगितलेला १.२ टक्के दर कुठून आला? संकटग्रस्त जात एका वर्षात नामशेष होण्याची जी शक्यता धरली आहे, तो दर. असुरक्षित वर्गासाठी हाच दर ०.२ टक्के आहे. कल्पना सुसंगत आहे. आता तो ढोलीला लावा. आज रोप लावले, ढोली दीडशे वर्षांनी पडली. १.२ टक्क्यांनी आजच्या रुपयातले साधारण १७ पैसे उरतात. ०.२ टक्क्यांनी उरतात ७४ पैसे. म्हणजे तांबड्या शेपटीचा काकाकुवा, ज्याला मरीच्या ढोल्या लागतात आणि म्हणून सर्वांत जास्त थांबावे लागणार, त्याच्या दीडशे वर्षांनंतरच्या घराची किंमत आजच्या पाऊण घराएवढी. म्हणजे एक ढोली गेली तर थोडी जास्त रोपे लावा, हिशोब चुकता.

घरात भाडेकरू ठेवलेल्या कोणालाही यातली गफलत कळेल. आज घर पाडले आणि कराराप्रमाणे तुमच्या नातवाच्या नातवाला सव्वा घर मिळेल असे लिहून दिले, तर आज रात्री झोपायचे कुठे? पक्ष्याला सरासरीत राहता येत नाही. काकाकुवा तीन-चार वर्षांचा झाल्यावर विणीला लागतो आणि दीर्घायुषी असतो, म्हणून तर धोका लवकर दिसत नाही. म्हातारे पक्षी संध्याकाळी आकाशात दिसत राहतात, थवे मोठे वाटतात, आणि खाली पिल्लेच नसतात. उरलेल्या ढोल्यांसाठीही गलाह आणि कोरेला हे दुसरे काकाकुवे आणि युरोपातून आलेल्या मधमाश्या स्पर्धा करतात. वीण थांबल्याचे आकड्यांत दिसेपर्यंत एक पिढी गेलेली असते.

कृत्रिम ढोल्या आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि त्या उपयोगीही आहेत. पण त्या जिथे पक्षी आधीपासून वीण घालतात त्याच्या आसपास चालतात, त्यांची निगा राखावी लागते, आणि भोवती अन्न लागते. दीडशे वर्षे निगा राखणारी कंपनी मी तरी अजून पाहिलेली नाही. आमच्या क्षेत्रात तर दहा वर्षांपूर्वीची प्रणाली कोणाची जबाबदारी हेही कोणाला सांगता येत नाही.

आणि तिथेच चौथा दोष. कुठलीही संगणक प्रणाली सुरू केल्यावर ती खरेच चालते का, हे बघावे लागते. या शीटमध्ये 'वीस वर्षांनी आठ गुण' असे लिहिता येते. विसाव्या वर्षी कोणीतरी जाऊन ते आठच आहेत ना हे बघून त्याच शीटमध्ये परत लिहावे, अशी जागा तिच्यात नाही. केंद्राच्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये या कायद्याखालच्या परवानग्या तपासल्या. तपासलेल्यांपैकी ७९ टक्के परवानग्यांच्या अटी कार्यपद्धतीला धरून नव्हत्या किंवा त्यांत लेखनिकाच्या आणि कार्यालयीन चुका होत्या. त्याच वर्षी ग्रॅम सॅम्युअल यांनी या कायद्याचा स्वतंत्र आढावा घेतला. आधी नुकसान टाळा, मग कमी करा आणि अगदीच नाइलाज झाला तर भरपाई द्या, हा क्रम उलटा होऊन भरपाई हाच पहिला पर्याय झाला आहे, हा त्यांच्या निष्कर्षांचा रोख होता.

आता ती तपासणी. काही वर्षांपूर्वी एका सल्लागार कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने अशीच एक भरलेली शीट माझ्याकडे पाठवली. सूत्रे कुठे तुटली नाहीत ना, एवढेच बघून द्या, म्हणाला. मी शनिवारची सकाळ घालवून सगळे रकाने तपासले. 'घेतले नसते तर' च्या समोर एक भलामोठा आकडा होता आणि कारणाच्या रकान्यात एवढेच लिहिले होते की हे तज्ज्ञाचे मत आहे. मला तो खटकला. पण मला सूत्रे विचारली होती, आकडे नाही. मी लिहून पाठवले, सर्व सूत्रे बरोबर. ते खरेही होते. त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. माझ्या डॉक्टरेटच्या प्रबंधात एखादा आकडा कारण न देता लिहिला असता तर माझ्या मार्गदर्शकांनी ते पान परत केले असते. इथे मी स्वतः ते पान पुढे सरकवले.

"मग काय, खाणी बंद करायच्या?" हा प्रश्न आपल्या कोजागिरीला मला हमखास विचारला जातो. नाही. ॲल्युमिनियम लागते, सोनेही आपल्याला लागते, विशेषतः लग्नसराईत. आणि दोष सगळा खाणींचा नाही. गव्हाच्या पट्ट्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त नैसर्गिक झाडोरे शेतीने आधीच नेले. फळबागवाल्यांनी बॉडिनवर बंदुका चालवल्या. पर्थच्या उत्तरेकडच्या नंगारा भागातल्या पाइनच्या लागवडीवर कार्नबी चरायला शिकले होते, ती लागवड तोडली जात आहे. पाइन भूजल पितात आणि शहराला पाणी हवे, हेही खरे. आपली नवी घरे बँक्सियाच्या रानावर उभी आहेत, ज्या रानाला २०१६ मध्ये संकटग्रस्त ठरवावे लागले. तेव्हा एकाच्या अंगावर सगळे ढकलून मोकळे होता येणार नाही.

मागणी छोटी आहे. ढोलीची झाडे या देवाणघेवाणीतून बाहेर काढा. सरकारी मार्गदर्शकेत आधीच माप दिलेले आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास ५०० मिलिमीटर किंवा जास्त, वांडू आणि सॅमन गमसाठी ३०० मिलिमीटर. एवढी झाडे पुढे-मागे वीण घालण्यालायक धरतात. ती मोजायला हवीतच, पण मोजून एककांत विरघळवू नयेत. बॉक्साइटचा खड्डा त्यांच्यापासून वळवता येईल का, हे आधी विचारावे. डंपरांचे मार्ग रोज हजारदा बदलणारी प्रणाली आमच्याकडे आहे. झाडांच्या एका पुंजक्याला वळसा घालणे तिला जड नाही, फक्त तसे तिला कोणी सांगायला हवे. चराईची भरपाई जरूर करावी, कारण ती आठ-दहा वर्षांत खरोखर होते, पण तोडण्याच्या आधी लावून. 'टळलेल्या नुकसाना'चा आकडा त्या भागातल्या प्रत्यक्ष तोडीच्या नोंदींवरूनच घ्यावा. आणि पाचव्या, दहाव्या, विसाव्या वर्षी जागेवर जाऊन आलेले गुण त्याच शीटमध्ये, सगळ्यांना दिसतील असे लिहावेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या संसदेने हा कायदा मोठ्या प्रमाणावर बदलला. नुसती भरपाई नव्हे तर निव्वळ लाभ दाखवावा लागेल, असे त्यात आहे. त्याचबरोबर स्वतः जागा शोधण्याऐवजी निधीत पैसे भरण्याची वाटही आहे. पहिली गोष्ट वाचून बरे वाटते, दुसरी वाचून आपला देश आठवतो. भारतात १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली जंगलाच्या बदल्यात पर्यायी वनीकरण आले, जंगलाची आजची किंमत काढून पैसे भरून घेणे आले, आणि त्या साठलेल्या पैशांसाठी २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. कोकणातल्या देवराईत म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसते. तिलाही रोपांच्या ओळींचा उपयोग नाही. निधीत पैसे लवकर जमतात, ढोल्या जमत नाहीत.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी आणि माझी मुलगी बर्डलाइफच्या काकाकुवा मोजणीला गेलो होतो. सूर्यास्ताच्या सुमारास ठरलेल्या झाडांपाशी उभे राहायचे, रात्रीच्या मुक्कामाला येणारे पक्षी मोजायचे आणि आकडा कळवायचा. पक्षी एकदम येतात, फिरून परत येतात, अंधार पडत असतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मला एकशे बारा दिसले, तुला?" मला एकशे चार दिसले होते. मी म्हटले, एकशे आठ लिहू. ती म्हणाली, "का? दोघांचेही वेगळे लिही ना." फॉर्मवर आम्ही दोन्ही आकडे लिहिले आणि कोणी कुठे उभे राहून मोजले तेही लिहिले.

खाणींच्या मंजुरीचे मोठे प्रस्ताव लोकांच्या अभिप्रायासाठी खुले होतात. आपल्या मंडळात इंजिनिअर आहेत, हिशोबनीस आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत. या लोकांना पक्ष्यांची नावे येत नसतील, पण कारण न दिलेला आकडा त्यांना लांबून दिसतो. पुढचा प्रस्ताव खुला होईल तेव्हा चार-पाच जणांनी मिळून तो वाचावा अशी माझी इच्छा आहे. चहा आमच्याकडे. येणाऱ्यांनी संपादकांकडे नाव द्यावे.